लाइफबोटीतला वाघ आणि बिदरची पावती

'लाइफ ऑफ पाय' वाचून झालेली आठ-दहा माणसं एका टेबलाभोवती बसली की पंधरा मिनिटांत तट पडतात. एक तट म्हणतो, वाघ होता. दुसरा म्हणतो, कसला वाघ घेऊन बसलात, पोरानं आईचा खून डोळ्यांदेखत पाहिला, ते सोसवेना म्हणून त्यानं जनावरं उभी केली. आवाज चढायला लागले की कोपऱ्यातलं कुणीतरी समजूतदारपणे म्हणतं, "अहो, ज्याला जे वाटतं ते त्याचं खरं." माना डोलतात, चहा येतो आणि पुस्तक बाजूला पडतं. सोलापुरातल्या वाचनालयांत, कॉलेजांच्या वाङ्मय मंडळांत आणि अलीकडे कुणाच्या तरी गच्चीवर भरणाऱ्या वाचनकट्ट्यांवर अशा शेवटांची चर्चा बहुधा याच वळणानं जाते. भांडणाऱ्या दोन तटांबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्यांनी निदान पुस्तक अंगाला लावून घेतलेलं असतं. तक्रार आहे ती त्या समजूतदार माणसाबद्दल.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, आणि यात शेवट फुटणार आहे. यान मार्टेलची ही कादंबरी २००१ ची. २००२ चं बुकर तिला मिळालं. पाँडिचेरीत प्राणिसंग्रहालय चालवणारं पटेल कुटुंब जनावरांसह कॅनडाला निघतं. २ जुलै १९७७ ला त्यांचं जपानी मालवाहू जहाज बुडतं. सोळा वर्षांचा पाय सव्वीस फुटी लाइफबोटीत उरतो. (मराठीत या नावापाशी वाक्यावाक्याला ठेच लागते, पण इलाज नाही.) सोबत तंगडी मोडलेला झेब्रा, तरस, ओरांगउटान आणि रिचर्ड पार्कर नावाचा बंगाली वाघ. तरस झेब्र्याला आणि ओरांगउटानला मारतं, वाघ तरसाला. २२७ दिवसांनी पाय आणि वाघ मेक्सिकोच्या किनाऱ्याला लागतात आणि वाघ एकदाही मागे न बघता जंगलात निघून जातो. मग जपानच्या वाहतूक खात्याचे दोन अधिकारी, ओकामोटो आणि चिबा, इस्पितळात जबाब घ्यायला येतात. त्यांचा विश्वास बसत नाही. तेव्हा पाय दुसरी हकिगत सांगतो. तीत जनावरं नाहीतच. तंगडी मोडलेला तैवानी खलाशी, फ्रेंच स्वयंपाकी, आई आणि तो. स्वयंपाकी खलाश्याची तंगडी कापतो, खलाशी मरतो. नंतर स्वयंपाकी आईला मारतो आणि पाय स्वयंपाक्याला.

यानंतर पाय त्या दोघांना जे विचारतो, तिथेच बहुतेक चर्चा रुळावरून घसरते. तो म्हणतो, जहाज का बुडालं हे दोन्हींतून कळत नाही, दोन्हींपैकी एकही सिद्ध करता येत नाही, तर यातली चांगली गोष्ट कुठली? 'खरी कुठली' असं तो विचारतच नाही. आपण मात्र मराठीत विचारतो, "तुम्हाला कुठली पटली?" या 'पटणं' क्रियापदानं मोठा घोळ होतो. पुरावा पटतो, तसा स्वभावही पटतो. जावयाचं आणि सासऱ्याचं पटतं किंवा पटत नाही. खरं वाटणं आणि आवडणं या दोन वेगळ्या गोष्टी एका शब्दात बसल्यामुळे एक जण पुराव्याबद्दल बोलत असतो, दुसरा आवडीबद्दल, आणि दोघांनाही वाटतं की समोरचा आपल्याला खोडतोय. वाघ आवडला म्हणणाऱ्याला भोळा ठरवलं जातं, खून झाला म्हणणाऱ्याला रुक्ष. दोघं परस्परांच्या प्रश्नाला उत्तर देतच नसतात. हा प्रश्न आधी फोडून घेतला तर निम्मं भांडण तिथेच मिटतं: एक, होडीत काय घडलं असं पुस्तकातल्या आधारांवरून दिसतं? दोन, तुम्ही दुसऱ्या कुणाला सांगायला बसलात तर कुठली सांगाल? एकाच वाचकाची दोन उत्तरं दोन दिशांना गेली तर त्यात विसंगती काहीच नाही.

पहिल्या प्रश्नाला 'ज्याचं त्याचं' हे उत्तर चालत नाही, कारण पुस्तक भरपूर आधार देतं आणि ते सगळे सारख्या वजनाचे नाहीत. झेब्र्याची तंगडी मोडलेली, खलाश्याचीही; तरस झेब्र्याची तंगडी तोडतं, स्वयंपाकी खलाश्याची. हे जुळवायला वाचकाला फार डोकं चालवावं लागत नाही, दोघे अधिकारी ते इस्पितळातच आपसात जुळवून टाकतात: झेब्रा म्हणजे खलाशी, ओरांगउटान म्हणजे आई, तरस म्हणजे स्वयंपाकी, मग वाघ म्हणजे हा मुलगाच. हे ९९ व्या प्रकरणात आहे. पण त्याआधी ९० व्या प्रकरणात एक प्रसंग येतो जो पहिल्या वाचनात बहुतेकांच्या हातून निसटतो. उपासमारीनं पायची दृष्टी गेलेली असते. भर समुद्रात दुसऱ्या होडीतला दुसरा एक आंधळा माणूस त्याला भेटतो. त्याचे उच्चार फ्रेंच. बोलता बोलता तो एक पुरुष आणि एक बाई मारल्याचं कबूल करतो आणि शेवटी वाघाच्या तावडीत सापडतो. म्हणजे जनावरांच्या कहाणीच्या पोटातच माणसांची कहाणी एकदा डोकावून गेलेली आहे, दुसरी सांगितली जाण्याच्या कितीतरी आधी. ओकामोटोला हे आठवतं. आपल्यातल्या बऱ्याच जणांना आठवत नाही.

मग वाघाचं नाव. कादंबरीत ते कारकुनी चुकीनं पडलेलं आहे, शिकाऱ्याचं नाव वाघाला आणि वाघाचं शिकाऱ्याला, म्हणून वाचक हसून पुढे जातो. पण एडगर ॲलन पो यांच्या १८३८ च्या एकमेव पूर्ण कादंबरीत जहाज फुटल्यावर चिठ्ठ्या टाकून ज्याला मारून खाल्लं जातं त्या खलाश्याचं नाव पार्कर. आणि १८८४ साली 'मिन्योनेट' ही इंग्लिश नौका बुडाल्यावर होडीत उरलेल्या चौघांपैकी जो सतरा वर्षांचा पोरगा मारला गेला, त्याचं नाव रिचर्ड पार्कर. बाकीच्यांनी त्याच्या मांसावर दिवस काढले, जर्मन जहाजानं त्यांना वाचवलं, इंग्लंडात खटला झाला. वाचलेल्यांपैकी डडली आणि स्टीफन्स यांना फाशीची शिक्षा सुनावली गेली आणि नंतर ती सहा महिन्यांच्या कैदेवर आली. जीव वाचवण्याची निकड हा खुनाला बचाव होऊ शकत नाही, हे शिकवताना आजही फौजदारी कायद्याच्या वर्गात हाच खटला काढतात. लेखकानं हे नाव वाघाला दिलं ते सहज म्हणून दिलेलं नाही. माझ्या मते दुसऱ्या हकिगतीच्या बाजूचा हा सगळ्यात वजनदार आधार, आणि तो पुस्तकाच्या सुरुवातीपासून डोळ्यांसमोर असतो.

आता उलट बाजू. ओकामोटो म्हणतो, केळी पाण्यात तरंगत नाहीत, तेव्हा ओरांगउटान केळ्यांच्या ढिगावर बसून होडीपर्यंत आलं हे खोटं. पाय पांघरुणाखालून केळी काढतो आणि बेसिनमध्ये पाणी भरून टाकायला लावतो. तरंगतात. (शंका असेल तर घरी बादलीत टाकून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.) यावर काही वाचक उड्या मारतात: बघा, पहिली कहाणी खरी ठरली! नाही ठरली. केळं तरंगतं एवढंच ठरलं. ओकामोटोचा एक आक्षेप पडला, पण आक्षेप पडणं आणि घटना सिद्ध होणं यात फरक आहे, आणि लेखक आपल्याला नेमक्या याच फरकावर घसरवू पाहतो. त्याहून जड आधार होडीत सापडलेल्या छोट्या हाडांचा आहे. पाय म्हणतो ती वाटेत लागलेल्या एका तरंगत्या बेटावरच्या मीरकॅटांची, म्हणजे मुंगसासारख्या छोट्या प्राण्यांची. अधिकाऱ्यांना ती कशाची हे सांगता येत नाही. ही हाडं दुसऱ्या हकिगतीत कुठेच बसत नाहीत.

बेट तर मुळीच बसत नाही. शेवाळानं बनलेलं, दिवसा गोडं पाणी देणारं आणि रात्री आम्ल होऊन जिवंत प्राणी विरघळवणारं ते तरंगतं बेट माणसांच्या हकिगतीत कशाच्या जागी आहे? चिबा विचारतो, आणि तिथल्या झाडात सापडलेले ते दात कुणाचे? ओकामोटो सांगतो, मला नाही माहीत, मी काही त्या पोराच्या डोक्यात शिरलेलो नाही. खून मानणारा तट इथे हमखास हात झटकतो: "ते नुसतं भ्रमिष्टपणातलं आहे हो." बाकी सगळ्याला जोडी सापडते म्हणून दुसरी हकिगत खरी धरायची आणि ज्याला सापडत नाही त्याला भ्रम म्हणून मोकळं व्हायचं, ही हिशेबातली चलाखी झाली. उरलेलं उरलेलंच लिहायला हवं.

एवढं सगळं मांडल्यावर मी दुसऱ्या हकिगतीकडे झुकतो. जोड्यांची संख्या, आंधळा फ्रेंच माणूस आणि ते नाव, तिन्ही एकीकडे जातात. पण हाडं आणि बेट मांडून ठेवून झुकतो. आणि वाघाकडे झुकणाऱ्या माणसानं पार्करच्या नावाचा, त्या आंधळ्याचा हिशेब दिला तर त्याचं वाचन माझ्याइतकंच दमदार होईल. ज्यानं कसलाच हिशेब दिला नाही, त्याचं मत मात्र केवळ त्याचं आहे म्हणून समान धरायचं कारण नाही.

इथे कुणी म्हणेल, गोष्टीचा शेवट प्रश्नावर सोडणं ही काही विलायती कल्पना नाही, आपल्याकडे वेताळ होताच. होता. पण वेताळाची अट काय होती? उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर डोक्याची शंभर शकलं होतील. विक्रम चोवीस वेळा उत्तर देतो, आणि प्रत्येक वेळी कारणासकट देतो: हा नवरा का, तो का नाही. पंचविसाव्या गोष्टीत बापानं एका राजकन्येशी आणि त्याच्या मुलानं तिच्या आईशी लग्न केल्यावर त्यांच्या पोरांचं नातं काय, या प्रश्नावर तो पहिल्यांदा गप्प राहतो, कारण खरोखरच उत्तर सापडत नाही. ते मौन चोवीस उत्तरांनंतरचं आहे. कट्ट्यावरच्या समजूतदार माणसाचं मौन पहिल्याच गोष्टीला येतं.

सोलापूरच्या वाचकाला या कादंबरीत आणखी एक ओळखीची खूण सापडायला हवी, आणि ती फारशी कुणी बोलून दाखवत नाही याचं नवल वाटतं. मंगळवेढ्याचे दामाजीपंत. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारं लोकांना खुली केली, बिदरच्या बादशहानं त्यांना पकडून आणायला माणसं धाडली, आणि पंत पोहोचायच्या आत विठू महार बिदरला जाऊन धान्याचे पैसे मोहरांनी चुकते करून पावती घेऊन आला. ती पावती पंतांच्या पोथीत निघाली. महिपतींच्या 'भक्तविजया'तून ही कथा घरोघरी गेली. हीही तगून राहण्याची गोष्ट, हिच्यातही घडलं ते सांगणाऱ्याच्या आवाक्याबाहेरचं, आणि हिच्या शेवटीही एक सरकारी कागद आहे. 'लाइफ ऑफ पाय'चं शंभरावं आणि शेवटचं प्रकरण म्हणजे ओकामोटोचा खात्याला पाठवलेला अहवाल. इतके दिवस समुद्रात तगणारे फार थोडे आणि पूर्ण वाढलेल्या बंगाली वाघासोबत तगलेला कुणीच नाही, असं तो त्यात लिहितो. म्हणजे फाइलला वाघ लागला. बिदरच्या दफ्तरात विठू लागला तसा.

फरक आहे, आणि तो मोठा आहे. पोथीत फक्त एकच कहाणी आहे. पैसे दुसऱ्या कुणी भरले असतील का, ही शंका इतिहासकार बाहेरून आणतो. मार्टेल मात्र ती शंका स्वतःच पुस्तकात लिहून ठेवतो आणि मग वाचकाच्या हातात पावती देतो. त्यामुळे भाविक वाचकानं ही कादंबरी श्रद्धेच्या बाजूची म्हणून मिरवावी आणि बुद्धिवाद्यानं ती श्रद्धेची फजिती म्हणून वाचावी, हे दोन्ही उतावळेपणाचं. पाय अधिकाऱ्यांना सांगतो की देवाचंही असंच असतं. 'असंच' म्हणजे कसं, हे तो सांगत नाही. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या कट्ट्यावर हे वाक्य आलं की चर्चा कादंबरीवरून उठून थेट देव आहे की नाही यावर जाते आणि परत येत नाही. सूत्रसंचालकानं हे आधीच ओळखून ठेवावं.

सगळे उघडे शेवट एका जातीचे नसतात. 'बनगरवाडी'च्या शेवटी दुष्काळानं वाडी ओस पडते. मेंढरं घेऊन जगायला गेलेल्यांचं पुढे काय झालं हे माडगूळकर सांगत नाहीत. पण तिथे दोन तट पडत नाहीत, कारण तिथे दोन घटना नाहीत, फक्त पुढचं सांगणं थांबलंय. लोइस लाउरी यांच्या १९९३ च्या 'द गिव्हर'मध्ये एकच दृश्य दोन तऱ्हांनी दिसतं: बर्फात तान्ह्या बाळासह घसरगाडीवर उतरणाऱ्या मुलाला खाली दिवे दिसतात, संगीत ऐकू येतं, की ते मरणाऱ्या मेंदूचे भास आहेत? पुढच्या पुस्तकांत लेखिकेनं तो जगल्याचं दाखवलं आणि मरण मानणाऱ्या वाचकांच्या पायाखालचं जाजमच ओढलं. माझ्या मते तरी ते पहिलं पुस्तक आपल्या शेवटच्या ओळीशी संपतं. नंतर आलेला खुलासा त्या ओळीला लागू करायची सक्ती नाही. मार्टेलची तिसरी जात: घटना दोनदा सांगितलेली, दोन्हींचा साक्षीदार एकच. आणि समुद्रात तगून आलेल्याच्या गोष्टीत हे अटळच आहे. २०१४ च्या जानेवारीत मार्शल बेटांवर पोहोचलेल्या साल्वादोर अल्वारेंगाच्या ४३८ दिवसांचा साक्षीदारही तो स्वतःच. सोबती वाटेत मेला होता. साक्षीदार किती, याला आपला पुराव्याचा कायदाही महत्त्व देत नाही. एकट्याची साक्ष विश्वासार्ह असेल तर पुरते. मग ती कशी जोखायची हाच प्रश्न उरतो. कट्ट्यावर तेच करायचं आहे.

करायचं कसं? दहा-बारा माणसं आणि दीड तास. पंधराच्या वर माणसं गेली की चौघंच बोलतात. सुरुवातीला कुणाचंही प्रास्ताविक नको. आपल्याकडे ते वीस मिनिटं चालतं आणि त्यात वक्ता स्वतःचं मत सांगून टाकतो; मग ज्येष्ठांपुढे कुणी तोंड उघडत नाही. त्याऐवजी प्रत्येकानं एका चिठ्ठीवर वर सांगितलेल्या दोन प्रश्नांची उत्तरं नाव न घालता लिहावीत, घडी घालून वाटीत टाकावीत. मग ९९ व्या प्रकरणाचा उत्तरार्ध मोठ्यानं वाचावा. ते जवळजवळ सगळं संवादच आहे, तिघांनी पाय, ओकामोटो आणि चिबा वाटून घेतले की अर्ध्या तासात होतं. चिबाचं काम कमी म्हणून ते कुणालाही देऊ नका. जुळवाजुळवीचा शेवटचा निष्कर्ष त्याच्याच तोंडी आहे, आवाज नीट लागला नाही तर तो वाहून जातो.

नंतर फळा. तीन रकाने: दोन्हीकडे सापडतं, फक्त पहिल्यात, फक्त दुसऱ्यात. फळ्यावर जायचं तर प्रकरणाचा आकडा सांगायचा. पानाचा नको, प्रत्येकाकडची आवृत्ती वेगळी असते. आकडा नसेल तर मुद्दा लिहायचा नाही, कितीही चांगला असो. इथे हमखास अडतं ते सिनेमामुळे. ॲन्ग ली यांच्या २०१२ च्या चित्रपटात जनावरांची कहाणी आपण डोळ्यांनी बघतो आणि माणसांची फक्त इस्पितळातल्या मुलाच्या तोंडून ऐकतो. डोळ्यांनी पाहिलेलं कानांनी ऐकलेल्यावर मात करतं. शिवाय सिनेमात फुलात एकच दात निघतो. तेव्हा 'दात होता' म्हणणाऱ्यानं सिनेमा पाहिलाय आणि 'दात होते' म्हणणाऱ्यानं पुस्तक वाचलंय, एवढं ओळखायला सोपं जातं. दुसरी अडचण मोबाइलची: कुणीतरी लेखकाची मुलाखत शोधतं आणि निकाल लागल्यासारखं वाचून दाखवतं. ते शेवटच्या दहा मिनिटांसाठी राखून ठेवावं. मधेच वाचलं की फळ्याजवळचे लोक बसून घेतात.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही: दिवसभर काम करून आलेला माणूस संध्याकाळी कादंबरी वाचतो ती काय पंचनामा करायला? रसभंग होतो. होतो, वाचन चालू असताना केला तर. हे सगळं पुस्तक मिटल्यानंतरचं आहे. आणि ज्याला नुसतं वाचून गप्प बसायचंय त्याला कुणी कट्ट्यावर ओढत नाही. पण कट्ट्यावर येऊन 'सगळंच बरोबर' म्हणणाऱ्यानं रस राखला असं होत नाही, त्यानं फक्त बाकीच्यांना घरी पाठवलं. या सवयीचं मूळ शाळेत असावं असं वाटतं. मराठीच्या पेपरात 'स्वमत' नावाचा प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर गाइडमधून पाठ करतात. एका टोकाला एकच छापील मत, मोठेपणी त्याचा सूड म्हणून दुसऱ्या टोकाला सगळीच मतं सारखी. आधार देऊन मत मांडायची मधली पायरी आपण कुठे शिकवतच नाही.

शेवटी वाटीतल्या चिठ्ठ्या उघडायच्या, पण मोजून विजेता काढायला नाही. प्रत्येकानं तेच दोन प्रश्न पुन्हा लिहायचे आणि पहिल्याच्या उत्तराखाली आपल्या मताविरुद्ध जाणारा फळ्यावरचा एक मुद्दा लिहायचा. हा मुद्दा ज्याला सुचत नाही त्यानं फळा वाचलेला नाही.

फळ्याच्या मधल्या रकान्यात बेट राहील. ते पुसू नका. वेळ उरला तर ९२ वं प्रकरण काढून तिथला शेवट वाचा. पायला झाडावर फळ दिसतं, तो ते सोलायला बसतो. पानाच्या आत पान, त्याच्या आत पान, अगदी पातळ होत जाणारी. गाभ्यात दात. तो दुसरं सोलतो, तिसरं सोलतो, आणि सगळी सोलून होईपर्यंत थांबत नाही. मग मोजतो. बत्तीस.